आधी तांबं घासा: अतिवाहक फिल्मच्या कामात पडणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या पहिल्या सोमवारी मला नायोबियम, म्हणजे ज्या धातूवर काम करायला आले होते तो, नुसता बघायलाही मिळाला नाही. आमच्या गटातल्या जुन्या तंत्रज्ञांनी हातमोज्यांच्या दोन जोड्या दिल्या, एकावर एक घालायला लावल्या आणि समोर तांब्याच्या पाच चकत्या मांडल्या. प्रत्येकी ७५ मिलिमीटर व्यासाची, आपल्या घरच्या बशीपेक्षा लहान. म्हणाले, या घासायच्या. कुठवर? तोंड दिसेपर्यंत. मग पुन्हा घासायच्या, तोंडावरचे ओरखडे दिसेनासे होईपर्यंत.

मी पुण्यातल्या कसबा पेठेतली. तांबट आळीतली ठाकठूक ऐकत वाढलेली. एवढं शिकून, व्हिसाच्या रांगा लावून जर्मनीत आले आणि करतेय काय, तर तांबं घासतेय! रात्री फोनवर आजीला सांगितलं. तांब्यावर दुसऱ्या धातूचा अगदी पातळ थर बसवायचा असतो, पण त्याआधी तांबं असं काही स्वच्छ करायचं की बास. आजी म्हणाली, "मग कल्हईच की गं ती!"

तेव्हा मी हसले होते. पुढच्या चार वर्षांत कळलं, की आजीच्या त्या वाक्यात माझ्या प्रबंधाची निम्मी प्रकरणं होती. या कामात नव्याने येणारी मुलं नायोबियमचं वाचून येतात, अतिवाहकतेचे सिद्धांत वाचून येतात. तांब्याचं कुणी वाचून येत नाही. आणि फिल्म, म्हणजे तांब्यावरचा तो पातळ थर, बिघडते ती दहातल्या सात-आठ वेळा तांब्यापायी. (हा आकडा माझ्या वहीतला, जगाचा नव्हे.)

ज्यांना हे प्रकरणच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. कणत्वरकात प्रोटॉन किंवा इलेक्ट्रॉनला धक्का देण्याचं काम कॅव्हिटी करते. कॅव्हिटी म्हणजे धातूचा पोकळ, फुगीर डबा. त्याच्या आतलं विद्युतक्षेत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटसुलट होतं, आणि कण बरोबर योग्य क्षणी आत शिरला की त्याला पुढे ढकलतं. पण याच क्षेत्रामुळे डब्याच्या भिंतीतूनही प्रवाह वाहतो आणि भिंत तापते. नुसत्या तांब्याची भिंत असेल तर आपण भरलेली बहुतेक वीज कणाला न मिळता भिंत तापवण्यातच जाते. नायोबियम ९.२ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २६४ अंश सेल्सिअसच्या आसपास, अतिवाहक होतो, म्हणजे त्याचा विद्युतरोध जवळजवळ नाहीसा होतो. तिथे हा तोटा तांब्याच्या तुलनेत लाखपटीने कमी होतो.

इथे पहिला गैरसमज दूर करून टाका, कारण मुलाखतीत हमखास विचारतात. अतिवाहकाचा रोध शून्य असतो ही गोष्ट एका दिशेने वाहणाऱ्या प्रवाहापुरती खरी. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्यांनी वाहतात; पण प्रवाह उलटसुलट व्हायला लागला की जोडीत न अडकलेले उरलेसुरले इलेक्ट्रॉनही हेलकावे खातात आणि थोडी उष्णता निर्माण होतेच. हा रोध वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तापमान उतरवलं की झपाट्याने घटतो. म्हणून १.३ गिगाहर्ट्झच्या कॅव्हिटी २ केल्विनवर चालवतात, तर ४०० मेगाहर्ट्झच्या ४.५ केल्विनवरही भागवून नेतात. फरक नुसता अडीच अंशांचा दिसतो, पण एक वॅट उष्णता बाहेर काढायला ४.५ केल्विनवर दोन-अडीचशे वॅट वीज लागते आणि २ केल्विनवर त्याच्या तिप्पट-चौपट. वीजबिलाचा विचार केला, की या क्षेत्रातले निम्मे वाद कशासाठी आहेत ते कळतं.

आतली ऊर्जा किती सावकाश विरते हे सांगणारा चांगल्या कॅव्हिटीचा गुणांक, म्हणजे ज्याला सगळे 'क्यू' म्हणतात तो, एक हजार कोटीच्या घरात असतो. आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर देवळातली घंटा घ्या. सेकंदाला ४४० कंपनं करणाऱ्या घंटेचा 'क्यू' इतका असता, तर तिचा नाद एक-तृतीयांशावर यायला जवळजवळ तीन महिने लागले असते. पाडव्याला वाजवलेली घंटा आषाढी एकादशीलाही ऐकू आली असती.

आता फिल्मवाल्यांचा मुद्दा. हा सगळा प्रवाह नायोबियमच्या पृष्ठभागाखाली जेमतेम ४० नॅनोमीटर खोलीपर्यंत वाहतो. हॅम्बुर्गच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेसरच्या त्वरकामध्ये सुमारे ८०० कॅव्हिटी आहेत, सगळ्या भरीव नायोबियमच्या पत्र्याच्या, जवळपास तीन मिलिमीटर जाडीच्या. म्हणजे कामाला येतो तो वरचा इवलासा थर, आणि बाकीचा महागडा धातू नुसता आकार धरून उभा असतो. मग तो आकार तांब्याचा का करू नये? तांबं स्वस्त आहे, घडवायला सोपं आहे, आणि मुख्य म्हणजे अशा थंडीत उष्णता भराभर वाहून नेतं. पृष्ठभागावर एखादा दोष तापायला लागला तर तांबं ती उष्णता पसरवून टाकतं. नायोबियमच्या पत्र्यात ती तिथेच साचते आणि सगळी कॅव्हिटी अतिवाहकता सोडून देते.

हे स्वप्नरंजन नाही. १९८०च्या दशकात सर्नमध्ये, म्हणजे जिनिव्हाजवळच्या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत, क्रिस्तोफोरो बेनव्हेनुती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्यावर नायोबियम स्पटर करण्याची, म्हणजे निर्वात डब्यात अणू उडवून थर बसवण्याची, पद्धत बसवली. तिथल्या लेप या त्वरकाच्या दुसऱ्या टप्प्यात अशा २७२ कॅव्हिटी होत्या, ३५२ मेगाहर्ट्झच्या. भरीव नायोबियमच्या फक्त १६. फिल्मवर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे त्यांना चुंबकीय कवचही लागलं नाही. आज सर्नच्याच एलएचसी या महात्वरकामध्ये प्रोटॉनांना धक्का देणाऱ्या १६ कॅव्हिटी, प्रत्येक झोतासाठी आठ, तांब्यावर नायोबियमच्याच आहेत. आणि आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पेलेट्रॉन या त्वरकाच्या पुढे जोडलेल्या लिनॅकमध्ये (सरळ रेषेतल्या त्वरकात) २८ रेझोनेटर, म्हणजे एक प्रकारच्या कॅव्हिटीच, आहेत ते तांब्यावर शिशाचा थर दिलेले. शिसं ७.२ केल्विनला अतिवाहक होतं. ते सगळे इथेच घडवलेले आहेत, आणि २००७मध्ये ती यंत्रणा पूर्णपणे चालू झाली. जर्मनीत मला हे एका इटालियन सहकाऱ्याने सांगितलं. मी पुण्याची, आणि मला ठाऊक नव्हतं! लाज वाटली. तुम्ही मुंबई-पुण्यात शिकत असाल तर आधी ते बघून या.

मग सगळं जग फिल्मकडे का वळत नाही? कारण फिल्मची एक जुनी खोड आहे. क्षेत्र कमी असताना ती झकास वागते, काही वेळा भरीव नायोबियमपेक्षाही सरस. क्षेत्र वाढवत नेलं की 'क्यू' उतरणीला लागतो. आलेखावर ती घसरण एकदा पाहिली की विसरत नाही. कारणं विचाराल तर दहा जण दहा सांगतील: फिल्ममधल्या स्फटिककणांच्या सीमा, थरात अडकलेला वायू, तांब्याला नीट न चिकटलेले ठिपके, तांब्याचा खडबडीतपणा. मी चौथ्या गटातली, आणि तिसऱ्याबद्दलही मला बरीच खात्री आहे. सर्नच्या हाय-आयसोल्डे या यंत्रणेतला अनुभव माझ्या बाजूचा आहे. तिथल्या रेझोनेटरमध्ये तांब्याचा सांगाडा सुरुवातीला भाग जोडून, वेल्डिंग करून बनवत. पुढे एकाच ठोकळ्यातून बिनसांध्याचा सांगाडा कोरून काढला, आणि कामगिरी लक्षणीय सुधारली. नायोबियम तोच. बदललं ते तांबं.

तर तांब्याचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते, कारण हे कुठल्याही शोधनिबंधात दोन ओळींत उरकलेलं असतं. 'नमुने प्रमाणित पद्धतीने स्वच्छ केले,' एवढंच. त्या दोन ओळींत माझे पाच महिने गेले.

आधी तेलकटपणा काढायचा, गरम साबणपाण्यात अल्ट्रासाऊंड लावून. मग घासणं आणि पॉलिश. मग रसायन. दोन वाटा प्रचलित आहेत. एक विद्युत-पॉलिशिंगची, फॉस्फोरिक आम्ल आणि ब्युटेनॉलच्या मिश्रणात. दुसरी 'सुबू' नावाच्या द्रावणाची: सल्फामिक आम्ल, ब्युटेनॉल, अमोनियम सायट्रेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, ७२ अंशांना तापवलेलं. 'सुबू'त तांबं घातलं की बुडबुडे येतात, द्रावण हळूहळू निळं होत जातं, आणि चकती बाहेर काढली की तिचा रंग असा असतो की क्षणभर सोनं वाटावं. नाही, सोन्यापेक्षा गुलाबी. घासलेल्या नव्या घागरीवर उन्हाची तिरीप पडते ना, तसा. हा रंग चार-पाच सेकंद डोळे भरून पाहायचा आणि लगेच पुढच्या टबात टाकायची. पातळ सल्फामिक आम्लात एक बुडी, मग अतिशुद्ध पाणी, मग नायट्रोजनच्या फवाऱ्याने एकाच दिशेने वाळवणं. पाण्याचा एक थेंब जरी जागेवर वाळला, तर तिथे डाग राहतो आणि तो डाग फिल्मखाली जन्मभर राहतो.

कल्हईवाल्याला हे सगळं ठाऊक असतं. भांडं आधी घासतो, भट्टीवर तापवतो, नवसागर टाकतो. तो पांढरा धूर येतो तेव्हा नवसागर तांब्यावरचा ऑक्साइड खाऊन टाकत असतो. आणि त्याच क्षणी, हवा पुन्हा लागायच्या आत, कथिल फिरवून कापसाने पसरवतो. तो क्षण चुकला की कथिल गोळ्या होऊन घरंगळतं. आमच्याकडे नवसागराऐवजी सल्फामिक आम्ल, कथिलाऐवजी नायोबियम आणि त्या क्षणाऐवजी काही तास. एवढाच फरक.

तो क्षण मी एकदा चुकवला. नवव्या की दहाव्या नमुन्याची गोष्ट. रसायन उत्तम झालं होतं, चकती आरशासारखी. घड्याळात साडेबारा. चकती व्हॅक्यूम चेंबरमध्ये चढवायला अर्धा तास लागणार होता, आणि भूक लागलेली. स्वच्छ पिशवीत चकती ठेवली, पिशवीतून नायट्रोजन फिरवायचा विसरले, आणि जेवायला गेले. दीड तासाने येऊन चढवली. दोन दिवस चेंबर तापवला, फिल्म चढवली, बाहेर काढली. काय सुंदर दिसत होती! राखाडी, चकचकीत. सगळ्यांना बोलावून दाखवली. मग उच्च दाबाच्या पाण्याने धुतली, १०० बारच्या, ही नेहमीची परीक्षा असते. कडेपासून अंगठ्याएवढा भाग पापडावरच्या फोडासारखा उचलला गेला आणि दुसऱ्या फेरीत सुटून वाहून गेला. खाली तांबं, किंचित तपकिरी.

तंत्रज्ञांनी वही मागितली. वेळा वाचल्या. १२.३५ला रसायन संपलं, २.१०ला चेंबरमध्ये चढवलं. त्यांनी बोट त्या दोन आकड्यांमधल्या मोकळ्या जागेवर ठेवलं आणि विचारलं, इथे काय केलंस? मी म्हटलं, जेवले. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर मी रसायनाच्या दिवशी डबा प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर ठेवायला लागले, आणि जेवण नमुना चढवल्यावर, मग चार का वाजेनात.

त्यातूनच पहिला सल्ला: वेळ लिहा. काय केलं हे सगळेच लिहितात, किती वाजता केलं हे कुणी लिहीत नाही. फिल्म बिघडली की उत्तर बहुतेकदा दोन वेळांच्या मधल्या जागेत असतं.

व्हॅक्यूमचं काम त्या मानाने शांत. चेंबर बंद करायचा, पंप लावायचा, बाहेरून तापपट्ट्या गुंडाळून दोन दिवस तापवायचं म्हणजे भिंतींना चिकटलेलं पाणी निघून जातं. दाब १० चा उणे नववा घात मिलिबारपर्यंत खाली आणायचा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या भागाइतका. नायोबियमला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची भयंकर हाव असते. आत जे असेल ते खातो आणि खराब होतो. गळती शोधणं हे या कामातलं खरं कौशल्य. हेलियमची बारीक फुंकर एकेका सांध्यावर मारायची आणि डिटेक्टरचा काटा पाहायचा. हेलियम हलका, वर जातो, म्हणून वरच्या सांध्यापासून सुरुवात करतात असं मला शिकवलं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत नेमकं उलट शिकवलं. दोन्हीकडे गळती सापडते. सावकाश करणं महत्त्वाचं, कारण डिटेक्टरला कळायला काही सेकंद लागतात आणि घाई केली की गळती भलत्याच सांध्याच्या नावावर जाते.

मग आत थोडा आर्गॉन किंवा क्रिप्टॉन सोडायचा, नायोबियमच्या टार्गेटला, म्हणजे ज्यातून अणू उडवायचे त्या तुकड्याला, ऋण व्होल्टेज द्यायचं, आणि प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित झालेला वायू, पेटतो. खिडकीतून जांभळट उजेड दिसतो. वायूचे आयन टार्गेटवर आदळतात, नायोबियमचे अणू उडवतात आणि ते अणू जाऊन तांब्यावर बसतात. एक-दोन मायक्रॉन जाडी झाली की पुरे. पहिल्यांदा प्लाझ्मा पेटला तेव्हा मी फोनवर फोटो काढून घरी पाठवला. आईने लिहिलं, "गणपतीची रोषणाई वाटतेय."

सपाट चकतीवर हे सोपं आहे. खऱ्या कॅव्हिटीत नाही. कॅव्हिटी आतून फुगीर असते, त्यामुळे काही भागांवर अणू सरळ पडतात आणि काही भागांवर तिरपे. तिरपा पाऊस आठवा: ओट्याच्या कडेमागे कोरडा पट्टा राहतो. तसंच अणूंच्या पातळीवर होतं. उंचवट्याच्या मागे सावली पडते, तिथे पोकळी राहते, आणि फिल्म घट्ट होण्याऐवजी सुट्या खांबांसारखी वाढते. सध्या यावर उपाय म्हणून हिपिम्स नावाची पद्धत वापरतात. त्यात वीज अखंड न देता अतिशय जोरदार पण क्षणिक झटक्यांनी देतात, त्यामुळे नायोबियमचे बरेच अणू आयन होतात, आणि तांब्याला ऋण व्होल्टेज दिलं की ते वळून जवळपास सरळ आदळतात. अमेरिकेतल्या जेफरसन लॅबमध्ये हेच निराळ्या मार्गाने, सायक्लोट्रॉन अनुनादाचा प्लाझ्मा वापरून केलं गेलं. तुम्हाला प्लाझ्माची आवड असेल तर इथे काम पुष्कळ शिल्लक आहे.

फिल्म झाली की तिची परीक्षा. पहिली चाचणी आरआरआरची: खोलीच्या तापमानाचा रोध भागिले १० केल्विनजवळचा रोध. जितका जास्त तितका धातू शुद्ध. कॅव्हिटीसाठीच्या भरीव नायोबियममध्ये तो ३००च्या आसपास मागतात, फिल्ममध्ये १० ते ३० आला तरी चालतो. मी पहिल्यांदा थेट तांब्यावरच्या फिल्मवर चार तारा जोडल्या आणि विलक्षण आकडा आला. दोन तास आनंदात गेले. मग लक्षात आलं, की प्रवाह जवळजवळ सगळा खालच्या तांब्यातून चाललाय आणि मी तांबं मोजतेय! पुन्हा तांबंच! तेव्हापासून प्रत्येक वेळी नमुन्याशेजारी क्वार्ट्झची एक छोटी पट्टी ठेवते. तिच्यावरही तीच फिल्म चढते आणि तिच्यावर निर्धास्त मोजता येतं. हे कुणी सांगत नाही, कारण ज्यांना ठाऊक असतं त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही.

दुसरा फसवा आनंद क्रांतिक तापमानाचा, म्हणजे ज्याच्या खाली धातू अतिवाहक होतो त्या तापमानाचा. माझ्या एका फिल्मचं ९.५ केल्विन आलं. पुस्तकात ९.२. मला वाटलं, आपण निसर्गाला मागे टाकलं. मार्गदर्शकांनी आलेख पाहून विचारलं, "एवढी दाबली गेली आहे का?" स्पटर केलेल्या फिल्ममध्ये आतून दाब-ताण साठतो, अणू एकमेकांवर रेटले जातात आणि क्रांतिक तापमान वर सरकतं. तो शुद्धतेचा पुरावा नाही. असा आकडा आला की आधी क्ष-किरणांनी अणूंमधलं अंतर मोजा, मग पेढे वाटा.

खरी परीक्षा अर्थात रेडिओ लहरींमध्ये. पूर्ण कॅव्हिटी बनवून तपासणं महाग आणि वेळखाऊ, म्हणून सर्नमध्ये आणि बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्रात क्वाड्रुपोल रेझोनेटर नावाचं उपकरण आहे. त्यात सपाट नमुन्याचा रोध थेट मोजता येतो. ७५ मिलिमीटरच्या चकत्या त्याचसाठी. वेळ महिनोन् महिने आधी मागावी लागते. त्या आठवड्यात आजारी पडायचं नाही.

नायोबियम-टिनबद्दल दोन वाक्यं, कारण सध्या तिकडे गर्दी आहे. नायोबियमच्या कॅव्हिटीत ११०० अंशांच्या वर कथिलाची वाफ सोडली की पृष्ठभागावर १८ केल्विनला अतिवाहक होणारं संयुग तयार होतं. कॉर्नेल, फर्मिलॅब, जेफरसन लॅब तिथे पुढे आहेत, आणि द्रव हेलियमचा टँक न लावता नुसत्या क्रायोकूलरने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या अतिशीत यंत्राने, थंड केलेल्या अशा कॅव्हिटी चालवून दाखवल्या गेल्या आहेत. छोटे, कारखान्यात ठेवता येतील असे त्वरक त्यातून होऊ शकतात. संयुग ठिसूळ आहे, एवढं लक्षात असू द्या. वारंवारता जुळवताना कॅव्हिटी जरा जास्त दाबली तर तडकतं. आणि हो, हेही कल्हईचंच कथिल.

सुरक्षिततेचं मात्र गंमत न करता सांगते. नायोबियमच्या रसायनात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. बिघडलेली फिल्म तांब्यावरून काढतानाही त्याच्याशी गाठ पडते. पातळ द्रावण त्वचेवर पडलं तर लगेच चटका बसत नाही, आणि तोच धोका. ते आत शिरून रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठे ठेवलंय हे आत पाऊल टाकण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मुदत संपलेली नाही ना तेही बघा. एकट्याने हे काम कधीही करू नका, मार्गदर्शकाने सांगितलं तरी. द्रव हेलियम आणि नायट्रोजनच्या खोलीत ऑक्सिजन कमी झाल्याचा अलार्म वाजला की वही, मोबाइल, नमुना सगळं सोडून बाहेर. माझ्या एका सहकाऱ्याने नमुना आणायला परत आत पाऊल टाकलं होतं. त्याला काही झालं नाही, पण पुढचे दोन महिने त्याला आत जायला बंदी होती, आणि ती योग्यच होती.

आता यायचं कसं. भौतिकशास्त्राची एमएस्सी ही नेहमीची वाट, पण धातुशास्त्र, रसायन आणि मेकॅनिकलची मुलं इथे बऱ्याचदा जास्त चमकतात. आमच्या गटात सर्वांत चांगल्या फिल्म एका धातुशास्त्राच्या मुलीच्या होत्या. तिला अतिवाहकतेचं गणित फारसं येत नव्हतं, पण तांब्याकडे बघून ते नरम आहे की कडक झालंय हे तिला कळायचं. भारतात राहून करायचं असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची वाट आहे. इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, कोलकात्याचं व्हीईसीसी (व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर) आणि दिल्लीचं आययूएसी (इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर) इथे नायोबियमच्या कॅव्हिटींवर काम चालतं. बाहेर जायचं असेल तर लक्षात ठेवा, की भारत २०१७पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे तिथल्या विद्यार्थी आणि फेलो योजनांना आपल्याला अर्ज करता येतो. जर्मनीत पीएचडी ही नोकरी असते, पगार मिळतो; मात्र जाहिरातीत अर्धी जागा आहे की दोन-तृतीयांश की पूर्ण, ते नीट वाचा. काम मात्र सगळीकडे पूर्णच असतं!

वाचायला काय? या क्षेत्राच्या परिषदांमधले निबंध जॅकाव या संकेतस्थळावर फुकट आहेत. अतिवाहक कॅव्हिटींची परिषद दर दोन वर्षांनी भरते आणि तिच्या आधी नवख्यांसाठी शिकवण्या असतात. त्यांची जुनी व्याख्यानं काढून वाचा. मासिकांतल्या निबंधांत यश असतं. परिषदेच्या निबंधांत कुठे काय सुटलं, काय सोललं गेलं तेही असतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. अर्जाच्या पत्रात 'मला लहानपणापासून विश्वाचं कुतूहल आहे' लिहू नका. स्वतःच्या हाताने काय जोडलंय, काय मोडलंय, ते लिहा. मी कॉलेजात बिघडलेला रोटरी पंप उघडून परत बसवल्याचं लिहिलं होतं, आणि पूर्ण मुलाखत त्या पंपावरच झाली.

पुढे काय, हा प्रश्न घरचे विचारतातच. त्वरकांच्या प्रयोगशाळा मोजक्या आहेत आणि कायमच्या जागा त्याहून मोजक्या. पण व्हॅक्यूम, स्पटरिंग आणि पृष्ठभाग ज्याला कळतो त्याला कामाची वानवा नाही. चिप बनवणारे कारखाने, काचांवर लेप देणारे, कटिंग टूलवर कडक थर चढवणारे, आणि हल्ली क्वांटम संगणकवाले, ज्यांच्या क्यूबिट्समध्ये नायोबियमच्या आणि टँटलमच्या फिल्म असतात. माझ्याबरोबरच्या पाचांपैकी दोघेच त्वरकात राहिले. मी त्यांतली एक.

मुलाखतीच्या शेवटी ते विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का? बहुतेक मुलं सुट्ट्यांचं किंवा परिषदांचं विचारतात. तुम्ही हे विचारा: तुमच्याकडे तांब्याचं रसायन कुठे होतं, आणि तिथून नमुना व्हॅक्यूममध्ये जाईपर्यंत किती तास जातात? नेमका आकडा सांगितला, तर निर्धास्त जा. "रसायन बाहेरून करून घेतो, कुरियरने येतं," असं म्हणाले, तर पिशवीत नायट्रोजन भरतात का ते विचारा. आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, तर जा, पण पहिल्याच आठवड्यात त्या खोलीच्या दारावर एक घड्याळ लावा.